कॅमेरा घ्यायचाय? आधी त्याला डोळा लावून बघा

दहावी-बारावीचे निकाल लागले की आम्हा शिक्षकांकडे पालक नाना प्रश्न घेऊन येतात. गेल्या काही वर्षांत त्यात एका प्रश्नाची भर पडली आहे. मुलगा किंवा मुलगी म्हणते, मला फोटोग्राफी करायची आहे, कॅमेरा घेऊन द्या. मग घरात मशवरा होतो, आखातात असलेल्या मामूंना फोन जातो, थोडे साठवलेले आणि थोडे उसने असे पैसे जमतात. लग्नसराईत चार कामं मिळाली तर पैसे वसूल होतील, असा हिशेब असतो. हिशेब चुकीचा नाही. पण कॅमेरा चुकीचा घेतला तर तो हिशेब पहिल्याच मोसमात कोलमडतो, कारण हा फोन नाही, दोन वर्षांनी सहज बदलून टाकावा असा.

दुकानात गेल्यावर सगळी बातचीत मेगापिक्सेलवर होते. किती मेगापिक्सेल, लेन्स किती एमएम, बॅग फुकट मिळेल का. ज्या छोट्या खिडकीला डोळा लावून पुढची कित्येक वर्षं काम करायचं, तिच्याबद्दल मात्र कुणी विचारत नाही. तिलाच व्ह्यूफाइंडर म्हणतात. आज बाजारात तो दोन प्रकारचा मिळतो, ऑप्टिकल आणि इलेक्ट्रॉनिक. दोन्हींत फरक काय आणि आपल्या कामाला कोणता योग्य, हे या लेखात सोप्या भाषेत समजून घेऊ या.

एक काच, दुसरा पडदा

ऑप्टिकल व्ह्यूफाइंडर डीएसएलआर कॅमेऱ्यात असतो. लेन्समधून आलेला उजेड आत ४५ अंशांत बसवलेल्या आरशावर पडतो आणि वर वळतो. वरच्या बाजूला एक दुधी काचेचा पडदा असतो, तिथे चित्र उमटतं. त्यावर पाच बाजूंचा काचेचा लोलक असतो, त्याला पेंटाप्रिझम म्हणतात. तो हे चित्र सरळ करून आपल्या डोळ्यापर्यंत पोहोचवतो. म्हणजे आपण जे बघतो तो समोरचा खराखुरा उजेड आहे, मध्ये वीज नाही, स्क्रीन नाही. कॅमेरा बंद असला तरी त्यातून दिसतं. बटण दाबलं की आरसा वर उचलला जातो, उजेड सेन्सरवर पडतो आणि फोटो निघतो. तो जो "खटॅक" आवाज येतो, त्यात या आरशाचा मोठा वाटा असतो. तेवढ्या क्षणाला खिडकीत अंधार होतो.

इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर मिररलेस कॅमेऱ्यात असतो. नावातच आहे, आरसा नाही. उजेड थेट सेन्सरवर पडतो. सेन्सरला जे दिसतं ते खिडकीच्या आत बसवलेल्या एका इवल्याशा स्क्रीनवर दाखवलं जातं. आपण डोळा लावतो तो त्या स्क्रीनला. स्क्रीन नखाएवढी, पण समोर भिंग असल्याने ती मोठी दिसते.

थोडक्यात, ऑप्टिकलमध्ये आपल्याला समोरचं दृश्य दिसतं आणि इलेक्ट्रॉनिकमध्ये निघणारा फोटो दिसतो. बाकी सगळे फायदे-तोटे या एका फरकातून निघतात.

आरशाचा कॅमेरा जुना आहे. निकॉनचा प्रसिद्ध 'एफ' कॅमेरा १९५९ साली आला आणि पुढे अनेक दशकं वर्तमानपत्रांच्या छायाचित्रकारांच्या गळ्यात याच जातीचे कॅमेरे दिसत राहिले. डिजिटल युग आलं, फिल्मच्या जागी सेन्सर आला, तरी आरसा तसाच राहिला. २००८ मध्ये पॅनासॉनिकने 'जी१' हा लेन्स बदलता येणारा बिनआरशाचा कॅमेरा आणला. २०१८ मध्ये कॅनन आणि निकॉन या दोन्ही मोठ्या कंपन्या मोठ्या सेन्सरचे मिररलेस कॅमेरे घेऊन उतरल्या आणि तेव्हापासून त्यांचा सगळा जोर तिकडेच आहे. दुकानात जुने डीएसएलआर स्वस्तात दिसतात, त्यामागे हे कारण आहे.

तीन कॅमेरे, एकच मेगापिक्सेल

उदाहरणासाठी तीन कॅमेरे घेऊ. कॅनन १५००डी, निकॉन डी३५०० आणि सोनी ए७ थ्री. तिन्ही २०१८ साली आले, तिन्ही २४ मेगापिक्सेलचे. पहिले दोन नवशिक्यांसाठीचे डीएसएलआर, तिसरा महागडा, मोठ्या सेन्सरचा मिररलेस. मेगापिक्सेलवरून पाहिलं तर तिन्ही सारखेच. आता डोळा लावून बघू.

आधी चित्राचा आकार. कंपन्या याला 'मॅग्निफिकेशन' म्हणतात. माहितीपत्रकात कॅननचा आकडा ०.८० आणि निकॉनचा ०.८५ दिलेला असतो, सोनीचा ०.७८. वाचणाऱ्याला वाटतं सोनीची खिडकी सगळ्यात लहान. प्रत्यक्षात उलटं आहे. पहिल्या दोन कॅमेऱ्यांचे सेन्सर लहान आहेत, म्हणून कॅननचा आकडा १.६ ने आणि निकॉनचा १.५ ने भागावा लागतो. मग उत्तर येतं कॅनन ०.५०, निकॉन साधारण ०.५७ आणि सोनी ०.७८. शाळेतला साधा भागाकार आहे, पण तो केला नाही तर फसगत होते. ०.५० म्हणजे लांब बोगद्याच्या टोकाला चित्र दिसावं तसं वाटतं. चेहरा नीट फोकसमध्ये आहे की नाही, हे एवढ्याशा चित्रात डोळ्याला कळत नाही.

दुसरी गोष्ट, खिडकीत पूर्ण फोटो दिसतो का? कॅनन १५००डी आणि निकॉन डी३५०० या दोन्हींत ९५ टक्के दिसतो. ऐकायला पाच टक्क्यांचाच फरक वाटतो. पण हे ९५ टक्के लांबीत आणि रुंदीत वेगवेगळे आहेत. ०.९५ गुणिले ०.९५ केलं तर ०.९० येतं. म्हणजे फोटोचं जवळजवळ दहा टक्के क्षेत्रफळ काढताना दिसतच नाही. घरी येऊन कॉम्प्युटरवर लावला की कडेला कुणाचं कोपर, कुठे पंख्याचं पातं, कुठे रिकामी खुर्ची. महागड्या डीएसएलआरमध्ये १०० टक्के दिसतं. इलेक्ट्रॉनिकमध्ये हा प्रश्न सहसा येत नाही, कारण सेन्सरला जेवढं दिसतं तेवढं सगळं स्क्रीनवर येतं.

स्वस्त डीएसएलआरमध्ये आणखी एक काटकसर असते. काचेच्या भरीव लोलकाऐवजी आत आरसे जोडलेले असतात, त्याला पेंटामिरर म्हणतात. कॅमेरा हलका आणि स्वस्त होतो, पण खिडकीतलं चित्र मंद दिसतं. संध्याकाळी, हॉलच्या पिवळ्या दिव्यांत ते जास्तच जाणवतं. तेव्हा "ऑप्टिकल म्हणजे लख्ख काच" हे ऐकलेलं वाक्य महागड्या कॅमेऱ्यांबद्दल खरं आहे, नवशिक्यांच्या कॅमेऱ्यांबद्दल तेवढं नाही.

तिसरी गोष्ट बॅटरी. जपानी कॅमेरा उद्योगाच्या ठरलेल्या चाचणीनुसार निकॉन डी३५०० एका चार्जमध्ये १५५० फोटो काढतो. सोनी ए७ थ्री व्ह्यूफाइंडर वापरून ६१० काढतो. इथे आरसा सरळ जिंकतो. काचेतून बघायला वीज लागत नाही, स्क्रीन मात्र सतत वीज खाते आणि तिच्यासोबत सेन्सरही चालू राहतो. अनेक छोटे मिररलेस तर सहाशेच्याही बरेच खाली राहतात. म्हणून मिररलेसच्या किमतीत दोन जास्तीच्या बॅटऱ्यांचा खर्च पहिल्याच दिवशी धरावा.

पांढरी शेरवानी आणि काळा बुरखा

आता कामाच्या ठिकाणी जाऊ. कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा भाग समोरचं सगळं सरासरी करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो. त्यामुळे चौकटभर पांढरी शेरवानी आणि पांढऱ्या टोप्या असल्या की तो घाबरून उजेड कमी करतो आणि फोटो मळकट येतो. चौकटभर काळे बुरखे असले की तो उजेड वाढवतो, काळा रंग राखाडी होतो आणि चेहरे पांढरेफटक पडतात. ऑप्टिकल खिडकीत यातलं काहीच दिसत नाही, कारण तिथे डोळा स्वतः बघतोय आणि डोळा फसत नाही. फोटो काढायचा, मागच्या स्क्रीनवर बघायचा, दुरुस्ती करायची, पुन्हा काढायचा. तोवर दुल्हा उठून गेलेला असतो.

इलेक्ट्रॉनिक खिडकीत फोटो मळकट येणार असेल तर बटण दाबण्याआधीच तो मळकट दिसतो. एक चक्र फिरवायचं, उजेड वाढलेला समोर दिसतो, मग बटण दाबायचं. नवशिक्यासाठी यासारखा उस्ताद नाही.

पण इथे दोन सूचना आहेत. एक, फ्लॅश लावून काम करताना ही सोय आडवी येते. फ्लॅशचा उजेड बटण दाबल्यावरच पडतो, त्यामुळे स्टुडिओच्या सेटिंगवर खिडकीत आधी काळोखच दिसू शकतो. अशा वेळी मेन्यूत जाऊन हा आगाऊ परिणाम दाखवणं बंद करावं लागतं. बहुतेक चांगल्या मिररलेसमध्ये ती सोय असते, विकत घेण्याआधी विचारा. दोन, भर उन्हात छोटी स्क्रीन मंद वाटते आणि माणूस नकळत उजेड जास्त ठेवतो. म्हणून नुसत्या डोळ्यावर न जाता उजेडाचा आलेख, म्हणजे हिस्टोग्राम, खिडकीत चालू ठेवावा.

व्हिडिओचं काय?

ही गोष्ट दुकानात क्वचितच सांगतात. डीएसएलआरमध्ये व्हिडिओ काढताना आरसा वरच उचललेला राहतो, त्यामुळे ऑप्टिकल खिडकी बंद होते. मग फक्त मागच्या स्क्रीनवर बघून काम करावं लागतं. उन्हात स्क्रीन दिसत नाही, आणि हात पुढे धरल्याने कॅमेराही हलतो. मिररलेसमध्ये व्हिडिओ चालू असतानाही डोळा खिडकीलाच लावता येतो. आज लग्नाच्या कामात फोटोइतकाच व्हिडिओ मागतात, तेव्हा कमाईसाठी कॅमेरा घेणाऱ्याने हा मुद्दा सगळ्यात वर ठेवावा.

पण एक सावधगिरी. व्हिडिओ बनवणाऱ्यांसाठी म्हणून विकले जाणारे काही मिररलेस कॅमेरे बिनखिडकीचे असतात. सोनीचा झेडव्ही-ई१० आणि निकॉनचा झेड३० ही त्याची उदाहरणं. या दोन्हींत व्ह्यूफाइंडर नाहीच, फक्त मागची स्क्रीन आहे. घरात बसून व्हिडिओ करणाऱ्याला ते पुरतात. उघड्यावर फोटो काढणाऱ्याची मात्र दुपारच्या उन्हात पंचाईत होते. "मिररलेस आहे" एवढं ऐकून पैसे मोजू नका.

मुलींसाठी एक गोष्ट

अनेक घरांत निकाहाच्या वेळी महिलांच्या बाजूला फोटोग्राफर महिलाच हवी असते. आपल्या मुलींसाठी हे इज्जतीचं आणि कमाईचं काम आहे. इथे विश्वास ही पहिली गोष्ट असते. मिररलेसमध्ये मागची स्क्रीन बंद ठेवून फक्त खिडकीतून काम करता येतं. काढलेला फोटोही खिडकीतच तपासता येतो. मागे उभ्या असलेल्या कुणाला तो दिसत नाही. डीएसएलआरमध्ये काढलेला फोटो बघायला मागची स्क्रीनच लागते. शिवाय आरशाचा खटका नसल्याने आवाजही कमी येतो, आणि निकाहाच्या खुत्ब्याच्या वेळी किंवा दुआ चालू असताना याचं मोल कळतं.

चष्मा असेल तर

खिडकीच्या बाजूला एक छोटं चक्र असतं, डायऑप्टर. ते फिरवून खिडकी आपल्या नंबराला जुळवता येते. नंबर थोडा असेल तर चष्मा काढूनही काम होतं. जुळवताना समोरच्या माणसाकडे नाही, तर खिडकीतल्या आकड्यांकडे बघावं. आकडे स्पष्ट झाले की चक्र बरोबर बसलं.

चष्मा लावूनच काम करायचं असेल तर माहितीपत्रकात 'आय-पॉइंट' बघा. डोळा खिडकीपासून किती मिलिमीटर लांब ठेवूनही पूर्ण चित्र दिसतं, ते हा आकडा सांगतो. कॅनन १५००डीचा २१ आणि निकॉन डी३५००चा १८ आहे. चष्म्यावाल्याला वीसच्या पुढचा बरा. नाहीतर कोपरे कापले जातात आणि चष्म्याची काचही घासली जाते.

ज्यांना आमच्यासारखी चाळिशी लागली आहे त्यांच्यासाठी इलेक्ट्रॉनिक खिडकी आरामाची आहे. मागची स्क्रीन वाचायला जवळचा चष्मा शोधावा लागतो. इलेक्ट्रॉनिकमध्ये एकदा चक्र जुळवलं की फोटो, मेन्यू, सगळं खिडकीतच स्पष्ट दिसतं.

आरसा अजून कुठे कामाचा?

असं वाचून डीएसएलआर म्हणजे भंगार, असा समज करून घेऊ नका. पक्ष्यांसाठी तासन्‌तास डोळा लावून बसणाऱ्याला काचच बरी वाटते, कारण डोळा थकत नाही आणि बॅटरी उतरत नाही. क्रिकेटसारख्या वेगवान खेळात स्वस्त इलेक्ट्रॉनिक खिडकी किंचित मागे पडते, चित्र तुटक हलतं. कमी उजेडात तर तिच्यात दाणे दिसतात आणि हालचाल अडखळते. महागड्या मिररलेसमध्ये ही अडचण खूपच कमी झाली आहे, पण आपल्या बजेटमधल्या कॅमेऱ्यात ती असू शकते.

इलेक्ट्रॉनिक खिडकीची स्पष्टता 'डॉट'मध्ये मोजतात. २३.६ लाख डॉट हा आकडा बऱ्याच कॅमेऱ्यांत दिसेल. लाल, हिरवा, निळा असे तीन डॉट मिळून एक ठिपका होतो, म्हणजे खरे ठिपके झाले साधारण ७.८६ लाख. शिकण्यासाठी आणि लग्नाच्या कामासाठी एवढं पुरतं. १४.४ लाखांच्या जुन्या खिडक्या सेकंडहँड बाजारात येतात, त्या स्वतः बघितल्याशिवाय घेऊ नयेत. ३६.९ लाख मिळाले तर उत्तमच.

ईदच्या चांदाचा फोटो

रमजानच्या शेवटी गच्चीवर मुलं कॅमेरा घेऊन चढतात. इथे एक गोष्ट कडक शब्दांत सांगायला हवी. सूर्य क्षितिजावर असताना ऑप्टिकल खिडकीतून, त्यातही लांब पल्ल्याच्या लेन्सने, त्या दिशेला बघू नका. भिंगातून एकवटलेला उजेड थेट डोळ्यात जातो आणि नजर कायमची जाऊ शकते. ग्रहणालाही हेच लागू आहे. इलेक्ट्रॉनिकमध्ये डोळा स्क्रीनकडे बघत असल्याने वाचतो, पण कॅमेऱ्याच्या सेन्सरला इजा होऊ शकते. सूर्य पूर्ण मावळू द्या, मगच कॅमेरा उचला. कॅमेरा टेबलावर किंवा गळ्यात असताना खिडकीचं भिंग उन्हाकडे राहणार नाही याचीही काळजी घ्या. त्या भिंगातून आत गेलेलं ऊन छोट्या स्क्रीनवर डाग पाडतं.

दुकानातली दहा मिनिटं

कॅमेरा हातात घ्या, चक्र जुळवा, चष्मा असेल तर तो लावून चारही कोपरे एका नजरेत दिसतात का ते बघा. दुकानाच्या दाराशी येऊन बाहेरच्या उन्हाकडे बघा, मग आतल्या अंधाऱ्या कोपऱ्याकडे. कॅमेरा झपकन डावीकडून उजवीकडे फिरवा, चित्र अडखळतं का? फिरत्या पंख्याकडे आणि एलईडी दिव्यांकडे धरा, पट्टे दिसतात का? सलग दहा फोटो काढून बघा, मध्ये समोरचा माणूस हरवतो का? सेकंडहँड असेल तर इलेक्ट्रॉनिक खिडकीत काळे किंवा जळके डाग शोधा. ऑप्टिकलमध्ये दिसणारी थोडी धूळ फोटोत येत नाही, तिला घाबरू नका. पण लेन्समध्ये बुरशीचे जाळे दिसले तर परत ठेवा, कोकणच्या आणि मुंबईच्या दमट हवेत हा त्रास नेहमीचा आहे.

आता निर्णय. फक्त शिकायचं आहे आणि पैसे बेताचे आहेत, तर ओळखीच्या माणसाकडून चांगल्या स्थितीतला जुना डीएसएलआर आणि एक ५० एमएमची लेन्स घ्या. त्यात पैसे वाया जात नाहीत, कारण कॅनन आणि निकॉनच्या डीएसएलआर लेन्स त्याच कंपनीच्या मिररलेसवर अडॅप्टरने बसतात. निकॉनच्या काही जुन्या लेन्सचा ऑटोफोकस मात्र तिथे चालत नाही, तेवढं तपासा. मिररलेसची लेन्स डीएसएलआरवर बसवता येत नाही, हेही ध्यानात ठेवा. लग्नाची कामं घेऊन कमवायचं आहे, व्हिडिओ करायचा आहे, तर थोडं थांबून, पैसे जमवून, खिडकी असलेला मिररलेस आणि तीन बॅटऱ्या घ्या. नुसते घरातले आणि सहलीचे फोटो हवेत, तर हातातला फोन पुरेसा आहे, ते पैसे मुलांच्या फीसाठी ठेवा.

आणि खरेदीला जाताना ज्याला कॅमेरा वापरायचा आहे त्यालाच सोबत न्या. वालिदांच्या किंवा मामूंच्या डोळ्याला जुळलेली खिडकी मुलीच्या डोळ्याला जुळेलच असं नाही.